समुद्र दाराशी, आयोडीन मात्र पुडीतून

किनाऱ्यावरच्या माणसाला आयोडीनची काय कमी, हा समज साऱ्या कोकणात घट्ट रुजला आहे. त्याला कारणेही तशीच आहेत. अलिबागजवळच्या किहीमला ओहोटी लागली की वाळूलगतचे खडक उघडे पडतात आणि त्यांवरची हिरवी-तपकिरी शेवाळे उन्हात चमकू लागतात. आयोडीनचा शोध अशाच शेवाळाच्या राखेतून लागला, हे अनेकांनी कधीतरी वाचलेले असते. घरात मासळी असते, आणि पेण-उरणच्या मिठागरांचे जाडे मीठ पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे असते. मग ‘आयोडीनयुक्त’ असे छापलेली पुडी विकत का आणायची?

प्रश्न रास्त आहे. त्याच्यावर गेली काही दशके न्यायालयात, संसदेत आणि सभांमधून वाद झाले, पण त्याच्या उत्तराचा मोठा भाग रसायनशास्त्रात आहे, आयोडाइड नावाच्या एका आयनाच्या स्वभावात. हा स्वभाव समजला की समुद्रकाठच्या माणसालाही आयोडीन का कमी पडू शकते, ते कळते. शिवाय हाच आयन गळ्यातल्या ग्रंथीला, कर्करोगाच्या उपचाराला, ढगांवरच्या प्रयोगांना आणि नव्या सौरघटांना का हवा असतो, याचाही उलगडा होतो.

सैल हाताचा आयन

आयोडीनच्या अणूने एक इलेक्ट्रॉन जादा घेतला की आयोडाइड तयार होतो. फ्लोराइड, क्लोराइड आणि ब्रोमाइड ही त्याचीच भावंडे, पण आयोडाइड त्यांच्यात आकाराने थोराड. क्लोराइडची त्रिज्या १.८१ अँगस्ट्रॉम, तर आयोडाइडची २.२० अँगस्ट्रॉम. एवढ्या मोठ्या आयनात बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब पडतात आणि त्यांच्यावरची पकड सैल राहते. क्लोराइडकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यायला जबर ऑक्सिडीकारक लागतो. आयोडाइडच्या बाबतीत ओलावा, प्रकाश किंवा थोडे आम्ल जोडीला असले, तर हवेतला ऑक्सिजनसुद्धा हळूहळू ते काम करतो. प्रयोगशाळेत पोटॅशियम आयोडाइडचे रंगहीन द्रावण अर्ध्या भरलेल्या बाटलीत बरेच दिवस राहिले की पिवळसर दिसू लागते. तो रंग मोकळ्या झालेल्या आयोडीनचा. मोकळे आयोडीन उडून जाणारे असते.

दुसरा गुण विरघळण्याचा. सोडियम आणि पोटॅशियम यांच्याशी जुळलेला आयोडाइड पाण्यात अफाट विरघळतो. १०० मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम आयोडाइड साधारण १४० ग्रॅम मावते. चांदी, शिसे, पारा यांच्याशी मात्र त्याची गाठ पक्की बसते. सिल्व्हर आयोडाइड पिवळे, मर्क्युरिक आयोडाइड शेंदरी. लेड नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घातले की गर्द पिवळा साका बसतो. तोच साका भरपूर गरम पाण्यात विरघळवून द्रावण सावकाश निवू दिले, तर परीक्षानळीत सोनेरी पापुद्रे तरंगत खाली उतरतात. रसायनशास्त्राकडे वळलेल्या अनेक विद्यार्थ्यांना हा विषय पहिल्यांदा इथेच आवडलेला असतो.

पाण्याबरोबर वाहून जायचे आणि संधी मिळाली की इलेक्ट्रॉन सोडून हवेत उडून जायचे, या आयोडाइडच्या दोन सवयी. पुढचे जवळजवळ सगळे त्यांतूनच निघते.

समुद्राचे गणित

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि आयोडीन असते फक्त ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा भाग. हे आयोडीनही एका रूपात नसते. काही आयोडाइड असते, तर काही आयोडेट, म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू जोडलेले आयोडीन. प्राणवायूने भरलेल्या पाण्यात आयोडेट टिकाऊ ठरते. सूक्ष्मजीवांच्या उलाढालीतून वरच्या थरांत आयोडाइड तयार होत राहते. अरबी समुद्राच्या मध्यम खोलीवर प्राणवायू फार कमी असलेला मोठा थर आहे, तिथे आयोडेटचे आयोडाइडमध्ये रूपांतर होते आणि आयोडाइड वरचढ ठरते. समुद्रपृष्ठावर आलेला आयोडाइड हवेतल्या ओझोनशी झटकन अभिक्रिया करतो. त्यातून आयोडीनची वायुरूप संयुगे हवेत जातात आणि ओझोन खर्ची पडतो. हिंदी महासागरावरच्या हवेतील या संयुगांची मोजमापे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केली आहेत.

आता हिशोब करून पाहू. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. समुद्राच्या पाण्यातले सगळे आयोडीन मिठात उतरते असे घटकाभर धरले, तरी ३५ ग्रॅम मिठामागे ६० मायक्रोग्रॅमच पडते. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाणाऱ्याला त्यातून १७ मायक्रोग्रॅम मिळतील, म्हणजे गरजेच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतके.

आणि तेवढेही मिठात उतरत नाही. मिठागरात भरतीचे पाणी आत घेतात, एका कोंड्यातून दुसऱ्यात खेळवत उन्हात आटवतात आणि पाणी पुरेसे घट्ट झाले की मिठाचे खडे धरू लागतात. हे खडे सोडियम आणि क्लोराइड यांच्या रेखीव जाळीचे असतात. क्लोराइडच्या जागेवर थोराड आयोडाइड बसत नाही, त्यामुळे तो मॅग्नेशियमच्या क्षारांबरोबर मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतो. ते पाणी आगरातून सोडून दिले जाते. ढिगावर रचलेल्या ओल्या मिठाला चिकटून जे काही येते, तेही ऊन आणि वारा लागून उडते. त्यामुळे आगरातले साधे मीठ कितीही शुद्ध आणि चवदार असले तरी आयोडीनच्या हिशोबात ते जवळजवळ कोरे असते. उपवासाला वापरले जाणारे सैंधव आणि शहरांत महागड्या दराने विकले जाणारे गुलाबी मीठ यांचीही हीच गोष्ट.

शेवाळ, मासळी आणि जमीन

शेवाळाचे काय? १८११ मध्ये फ्रान्सच्या बर्नार्ड कुर्त्वा याने शेवाळाच्या राखेच्या अर्कात सल्फ्युरिक आम्ल जरा जास्त घातले आणि जांभळी वाफ निघाली. त्या राखेत आयोडाइड होता आणि आम्लाने त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेतला होता. युरोपच्या थंड समुद्रातली लॅमिनारिया जातीची शेवाळे सुक्या वजनाच्या एक टक्क्यापर्यंत आयोडीन साठवतात. त्याचे कारण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. ओहोटीला शेवाळ उघडे पडले की ऊन आणि ओझोन यांचा मारा सुरू होतो, तेव्हा साठवलेला आयोडाइड बाहेर पडतो आणि स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन पेशींना वाचवतो. ज्या सैलपणामुळे तो मिठात टिकत नाही, तोच शेवाळाच्या कामी येतो.

लॅमिनारिया आपल्या उबदार किनाऱ्यावर होत नाही. कोकणच्या खडकांवर उल्वा, सरगॅसम, पडिना अशी शेवाळे वाढतात. त्यांत आयोडीन असते, पण त्या मानाने फार कमी, आणि ती आपल्या जेवणात नाहीत. समुद्राची मासळी, कोळंबी, तिसऱ्या यांतून आयोडीन नक्की मिळते आणि नियमित मासळी खाणाऱ्या घराला त्याचा आधार असतो. मात्र १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, पाठोपाठ श्रावण येतो, आणि किनाऱ्यावरही शाकाहारी घरे आहेतच. मासळीवर हवाला ठेवणारी व्यवस्था सगळ्यांना आणि वर्षभर पुरत नाही.

उरली जमीन. समुद्रावरून हवेत गेलेले आयोडीन पावसाबरोबर परत येते, पण अगदी थोड्या प्रमाणात. अलिबागच्या बाजूला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. विरघळलेला आयोडाइड या पाण्याबरोबर वाहून जातो किंवा मातीतल्या लोह-संयुगांत आणि सेंद्रिय पदार्थांत अडकून पिकाच्या हाती लागत नाही. तांदूळ तसाही आयोडीनच्या बाबतीत गरीबच. भारतातले कोणतेही राज्य आयोडीन-कमतरतेच्या विकारांपासून मुक्त नाही, असे सरकारी सर्वेक्षणे सांगतात, ते यामुळेच. गलगंड हा फक्त हिमालयाच्या पायथ्याचा रोग, हे जुने चित्र केव्हाच मागे पडले आहे.

भारताला लागणारे आयोडीन मुख्यतः चिली आणि जपान या देशांतून येते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात जवळजवळ पाऊसच पडत नाही, म्हणून तिथल्या जमिनीतले आयोडेट लाखो वर्षे धुपले नाही. जपानमध्ये टोकियोजवळच्या चिबा भागात नैसर्गिक वायूबरोबर जे खारे पाणी वर येते, त्यात आयोडाइड साठलेला असतो. आयोडीनचे साठे उरतात ते जिथे ते अडकून राहिले तिथे. खुल्या समुद्रात ते फार विरळ असते.

गळ्यातली ग्रंथी

शरीरात आयोडाइडला खास वाट काढून दिलेली आहे. थायरॉइड ग्रंथीच्या पेशींवर त्याला आत ओढणारे एक प्रथिन असते. ते रक्तातल्या आयोडाइडपेक्षा वीस ते चाळीस पट आयोडाइड ग्रंथीत गोळा करते. आत एक विकर त्याचा सैल इलेक्ट्रॉन काढून घेते आणि आयोडीन टायरोसिन या अमिनो आम्लाला जोडते. त्यातून थायरॉक्सिन बनते. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, आणि वजनाने जवळपास ६५ टक्के भाग आयोडीनचाच असतो. शरीराची वाढ, ऊर्जेचा खर्च आणि गर्भातल्या मेंदूची घडण या संप्रेरकावर अवलंबून असते.

आयोडाइड कमी पडला की ग्रंथी जास्त पकडता यावा म्हणून फुगते. तो गलगंड डोळ्यांना दिसतो. न दिसणारे नुकसान अधिक मोठे आहे. गर्भारपणात आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची हानी भरून निघत नाही. म्हणून गर्भवतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला २५० मायक्रोग्रॅमचे प्रमाण सांगितले आहे. सत्तर वर्षांच्या आयुष्यात एका माणसाला लागणारे एकूण आयोडीन चार ग्रॅमपेक्षा कमी भरते, पण ते रोज लागते.

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने आले. १८९५ मध्ये जर्मनीच्या बाउमानला थायरॉइडमध्ये आयोडीन सापडले. अमेरिकेत डेव्हिड मरीन यांनी १९१७ पासून अ‍ॅक्रन शहरातल्या शाळकरी मुलींना सोडियम आयोडाइड देऊन गलगंड टाळता येतो, हे दाखवले. भारतात १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात प्रयोग सुरू केला. खोऱ्याच्या एका भागाला पोटॅशियम आयोडाइड घातलेले मीठ, दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेट घातलेले आणि तिसऱ्याला साधे मीठ दिले. पहिल्या दोन भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले, आणि मग तिसऱ्या भागालाही आयोडीनचे मीठ देण्यात आले. मीठ गरिबापासून श्रीमंतापर्यंत सगळे खातात आणि रोज जवळपास सारखेच खातात, म्हणून आयोडीन पोचवायला त्याच्याइतका स्वस्त वाहक नाही, हे या प्रयोगाने पक्के केले.

पुडीत आयोडेट का

युरोप-अमेरिकेत अनेक ठिकाणी मिठात पोटॅशियम आयोडाइड घालतात. तिथले मीठ कोरडे आणि शुद्ध असते, शिवाय आयोडाइड टिकावा म्हणून डेक्स्ट्रोजसारखा पदार्थही घालतात. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते. ओलावा, उष्मा आणि मिठातले मॅग्नेशियमचे क्षार यांच्या संगतीत आयोडाइड लवकर निसटतो. म्हणून भारताने पोटॅशियम आयोडेट निवडले. त्यातल्या आयोडीनकडे सैल इलेक्ट्रॉन नसल्यामुळे हवेतला ऑक्सिजन त्याचे काही बिघडवू शकत नाही. पोटात गेल्यावर शरीर त्याचे आयोडाइड करून घेते. पुडीवर आयोडीन, आत आयोडेट आणि शरीरात आयोडाइड, असा हा प्रवास आहे.

मीठ तपासायच्या संचात स्टार्च, पोटॅशियम आयोडाइड आणि आम्ल असते. मिठावर थेंब टाकला की मिठातले आयोडेट आणि थेंबातला आयोडाइड एकमेकांशी अभिक्रिया करून मोकळे आयोडीन देतात, आणि स्टार्चमुळे ठिपका जांभळट निळा होतो. आयोडीन जितके जास्त, रंग तितका गडद. साध्या मिठावर रंग येत नाही. शाळेत आणि अंगणवाडीत करता येईल इतके हे सोपे आहे.

धोरणाचा इतिहास वळणावळणाचा आहे. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला तो गलगंडाच्या पट्ट्यापुरता होता. खाण्याचे सगळेच मीठ आयोडीनयुक्त करण्याचा निर्णय १९८४ चा. साध्या मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये ती उठली आणि मे २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमाच्या कायदेशीर आधाराला हरकत घेतली. त्यानंतर ही अट अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांतून कायम राहिली. कारखान्यात ३० पीपीएम (दहा लाख भागांत ३० भाग) आणि घरात पोचेपर्यंत किमान १५ पीपीएम आयोडीन हवे, असे मानक आहे. जनावरांसाठी, टिकवणीसाठी, औषधे बनवण्यासाठी आणि उद्योगासाठी लागणाऱ्या मिठाला ही अट नाही, त्यामुळे साध्या मिठात खारवलेली मासळी आयोडीनच्या हिशोबात धरता येत नाही.

बंदीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. १९३० च्या सत्याग्रहात शिरोड्यापासून वडाळ्यापर्यंत लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. त्या मिठाच्या निवडीत सरकारने पडावे का, हा प्रश्न खरा होता. बंदीमुळे लहान आगरवाले मागे पडून बाजार मोठ्या कंपन्यांकडे जाईल, ही भीतीही खरी होती. आज देशातले तीन चतुर्थांशांहून अधिक मीठ एकट्या गुजरातमध्ये पिकते. उरण परिसरातली बरीच मिठागरे बंदर आणि नव्या शहराच्या भूसंपादनात गेली. लहान मिठागरांच्या ऱ्हासाला आयोडीन हे एकच कारण नाही, पण आयोडीन मिसळणारी छोटी यंत्रे आणि तपासणीची सोय त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचायला हवी होती, हे मान्य केलेच पाहिजे.

फळ मात्र दिसते आहे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ७६ टक्के घरांतले मीठ पुरेसे आयोडीन असलेले आढळले. उरलेला चौथा हिस्सा हे पुढचे काम आहे. लोहाची कमतरताही याच मिठातून भरून काढायचे प्रयत्न चालू आहेत, आणि तिथे रसायन पुन्हा आडवे येते. ओलाव्यात लोह आणि आयोडेट एकमेकांशी झगडतात, आयोडीन मोकळे होऊन जाते आणि मिठाचा रंग बिघडतो. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने स्थिरक घातलेले दुहेरी मीठ विकसित केले.

खाडीपलीकडे, ढगांत आणि काचेवर

रायगडच्या बाजूने पाहिले तर मुंबई बंदराच्या पाण्यापलीकडे ट्रॉम्बे आहे. तिथल्या अणुभट्ट्यांत टेल्युरियमपासून आयोडीन-१३१ बनवतात आणि सोडियम आयोडाइडच्या रूपात रुग्णालयांना देतात. त्याचा अर्धायुकाल आठ दिवसांचा. रुग्णाने घेतलेली मात्रा थायरॉइड आपणहून गोळा करते आणि किरणोत्सार रोगट पेशी जाळतो. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात आहे. थायरॉइडच्या कर्करोगाचे आणि अतिस्रावाचे असंख्य रुग्ण या उपचाराने बरे झाले आहेत.

ग्रंथीची हीच भूक अणुअपघातात घातक ठरते. चेर्नोबिलच्या स्फोटानंतर १९८६ मध्ये पोलंडने आयोडाइडच्या सुमारे पावणेदोन कोटी मात्रा वाटल्या, त्या याचसाठी. साध्या पोटॅशियम आयोडाइडने ग्रंथी आधीच भरली की किरणोत्सारी आयोडीनला आत जागा उरत नाही. ही गोळी थायरॉइडपुरतीच आणि वेळेवर घेतली तरच उपयोगी पडते. विनाकारण घेतलेला जास्त आयोडाइड उलट ग्रंथीचे काम थांबवू शकतो.

सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची ठेवण बर्फाच्या स्फटिकाशी जुळते, हे हेरून बर्नार्ड व्हॉनेगट यांनी १९४६ मध्ये अतिशीत ढगांत हिमकण धरवण्याची युक्ती शोधली. महाराष्ट्राने दुष्काळात २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. आपल्याकडचे बरेच ढग मात्र उबदार असतात. त्यांच्यावर सिल्व्हर आयोडाइड चालत नाही, म्हणून पुण्याच्या मौसमविज्ञान संस्थेने सोलापूरच्या प्रयोगात कॅल्शियम क्लोराइड वापरले. ढग नसतील तिथे यांतले कोणतेच रसायन पाऊस पाडू शकत नाही, हे दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला स्पष्टपणे सांगायला हवे.

१८३९ मध्ये दागेरने चांदीच्या पत्र्यावर आयोडीनची वाफ सोडून छायाचित्रे घेण्याची पद्धत जाहीर केली, तीही सिल्व्हर आयोडाइडवरची. लेड आयोडाइडवर आधारलेल्या पेरोव्हस्काइट सौरघटांनी २००९ पासून संशोधकांना वेड लावले आहे आणि आयआयटी मुंबईतही त्यांवर काम चालते. त्यांची मोठी अडचण टिकाऊपणाची. ऊन आणि दमट हवा लागली की आयोडाइड जागा सोडतो. मिठाच्या बरणीत जे घडते, तेच काचेवरच्या या पातळ थरातही घडते.

पुढचे काम

या सगळ्या आढाव्यातून एक गोष्ट ठाम निघते. आयोडीन समुद्राजवळ राहिल्याने मिळत नाही, ते मुद्दाम मिळवावे आणि टिकवावे लागते. किहीमच्या घराला त्यासाठी फार काही करावे लागत नाही. आयोडीनचे मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे. ते शिजवताना शेवटी घालावे. घरात गर्भवती असेल तर सैंधव किंवा साध्या मिठावर भागवू नये. मीठ कमी खाण्याचा सल्लाही पाळावाच. दिवसाला ५ ग्रॅम मीठ ३० पीपीएमचे असेल तर १५० मायक्रोग्रॅम मिळतात, १५ पीपीएमचे असेल तर निम्मेच. म्हणून मीठ कमी करण्याच्या मोहिमेबरोबर पुडीतले प्रमाणही सरकारने वेळोवेळी तपासून बदलले पाहिजे.

रायगडच्या उरल्यासुरल्या आगरांना आयोडीन मिसळायची सोय गावाजवळ मिळाली, तर त्यांचे मीठही निर्धास्तपणे घरात येईल. किनाऱ्यावरच्या शाळांनी वर्षातून एकदा मुलांना घरचे चिमूटभर मीठ आणायला सांगून ते तपासावे. ज्या घरच्या मिठाचा ठिपका निळा होणार नाही, तिथे त्याच आठवड्यात आशाताईंनी जावे. कमतरता आधीच कळली, तर पुढच्या पिढीची बुद्धी वाचवायला दिवसाला काही मायक्रोग्रॅम पुरतात. जन्मानंतर ते नुकसान कोणत्याही औषधाने भरून येत नाही.